तारीख नसलेलं अंडं

धरण होण्याआधी आमच्या भीमाकाठच्या गावांत अंडं विकत आणायची रीत नव्हती. अंडं विकायची रीत होती. माळकऱ्यांची घरं सोडली तर दारात चार कोंबड्या नाहीत असं घर सापडणं अवघड. बैल, शेळ्या, ज्वारी, करडई यांचा पैसा घरच्या कारभाऱ्याच्या हातात. कोंबडी आणि अंडी मात्र घरच्या बाईची. त्या पैशातून मीठ-मिरची निघायची, लेकरांच्या पाट्या-पेन्सिली निघायच्या आणि पंचमीला माहेरी जायचं एसटीचं भाडंही निघायचं. बाईमाणसाची ती खरी बँक. तिला ना पासबुक ना कुलूप, फक्त एक डालगं.

आमची आजी जेऊरच्या बाजाराला अंडी न्यायची. बुट्टीत भुसा, भुशात अंडी, वर लुगड्याचा तुकडा. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण अंड्याचे तिचे काही नियम होते आणि ते ती मोडत नसे. अंडं धुवायचं नाही. माखलेलं असलं तर कोरड्या फडक्यानं पुसायचं, फारच घाण असलं तर ते बाजाराला न नेता त्याच दिवशी घरात संपवायचं. उन्हाळ्यात अंडी रांजणाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची. शंका आली तर तांब्यात सोडून बघायचं. तळाला आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर शिळं, वर आलं तर उकिरड्यावर. आणि दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरपीवर मुठीत धरून आरपार बघायचं, आत लाल रेघांचं जाळं दिसलं तर ते खुडूक कोंबडीखाली.

सगळ्यात कडक नियम आडरानातल्या अंड्यांचा. एखादी कोंबडी खुराड्यात न घालता कडब्याच्या गंजीत, नाहीतर घाणेरीच्या जाळीत चोरून घालायची. महिन्याभरानं पोरांना एकदम दहा-बारा अंडी सापडायची. आम्हाला गुप्तधन सापडल्यासारखं व्हायचं. आजी ती बुट्टीत घेऊ द्यायची नाही. म्हणायची, "कवा घातलंय ठावं न्हाय, ते इकायचं न्हाय. उद्या लोक म्हणत्याल, अमकीची अंडी घाण."

यातलं 'अमकीची' महत्त्वाचं. बाजारात अंडं कुणाचं हे गिऱ्हाइकाला माहीत असायचं. खराब निघालं तर पुढच्या आठवड्याला बाई समोर यायची आणि चारचौघांत बोलायची.

पुढं शिकल्यावर या नियमांमागची कारणं मला कळली. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. अंडं बाहेर पडतं तेव्हा त्याच्यावर एक ओलसर थर असतो, तो लगेच वाळतो आणि छिद्रं बुजवतो. तो थर म्हणजे अंड्याचं चिलखत. पाण्यानं धुतलं की ते चिलखत जातं आणि ओल्या कवचातून बाहेरची घाण आत शिरायला वाट मिळते. अंडं शिळं होतं तशी आतली ओल छिद्रांतून उडून जाते, बुडाकडची हवेची पोकळी वाढते, म्हणून ते पाण्यात उभं राहतं. वाळूतल्या गारव्यानं ही झीज मंदावते. आणि गावरान अंड्यात कोंबड्याची फळण असते, त्यामुळं चैत्र-वैशाखाच्या उन्हात खुडूक कोंबडीशिवायही पिल्लू धरायला सुरुवात होते. लाल जाळं त्याचंच.

पण जुनं ते सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. कोंबड्या उकिरड्यावर चरायच्या, गटारीचं पाणी प्यायच्या. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी घालायची, त्यातली बरीच पिल्लांसाठी ठेवावी लागायची. एकदा मानमोडी आली की चार दिवसांत गावची खुराडी रिकामी व्हायची. लस नव्हती असं नाही, ती आमच्यापर्यंत पोचत नव्हती. आजीचं अंडं स्वच्छ होतं असा दावा करता येत नाही. त्या अंड्याला नाव होतं आणि तारीख होती, एवढं मात्र नक्की.

मग धरण आलं. १९६९ साली काम सुरू झालं आणि १९८० साली पुरं झालं. माढा तालुक्यातल्या उजनीजवळ भिंत उभी राहिली आणि करमाळा, इंदापूर, दौंडपर्यंतच्या काठच्या गावांनी पाणी वर चढताना पाहिलं. ११७ टीएमसीचा यशवंतसागर. पोमलवाडी, केत्तूर, कुगाव, वाशिंबे, चिखलठाण, तिकडं पळसदेव, अशा गावांची जुनी गावठाणं, मळ्या, विहिरी, देवळं पाण्यात गेली. रेल्वेचा जुना मार्गसुद्धा बाजूला सरकवावा लागला. माणसं माळावरच्या नव्या गावठाणात आली.

नव्या गावठाणात प्लॉट मोजून मिळाले. जुन्या वाड्याच्या मागं परडं होतं, उकिरडा होता, गंज होती. इथं शेजाऱ्याची भिंत लगेच सुरू. कोंबडी दुसऱ्याच्या दारात गेली की भांडण. काही वर्षांत पाणी उपसून ऊस आला, मग कंदरकडं केळी आली, फवारण्या आल्या. रानात चरायला गेलेली कोंबडी संध्याकाळी परत येईल याचा भरवसा उरला नाही. आजीनं डालगं माळवदावर टाकून दिलं ते याच काळात. बाईच्या हातातला तो पैसाही गेला आणि त्याचा हिशोब कुठल्याच पुनर्वसनाच्या कागदावर आला नाही.

त्याच सुमाराला दुसरीकडं एक वेगळं अंडं जन्माला आलं होतं. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणारी पांढरी कोंबडी शेतकऱ्याच्या शेडमध्ये आली. अंडी वाढली आणि भाव व्यापाऱ्यांच्या मुठीत गेला. उत्पादन खर्चही निघेना, तेव्हा १९८२ साली पोल्ट्रीवाल्यांनी रावांच्या पुढाकारानं राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली. तीच ती एनईसीसी. रोजचा भाव शेकड्यावर जाहीर व्हायला लागला. 'संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे' ही तिचीच जाहिरात. आमच्याकडं टीव्ही आला तेव्हा रामायणाइतकंच हे पाठ झालं.

हैदराबादहून पुण्या-मुंबईला जाणारा रस्ता सोलापूर, टेंभुर्णी, भिगवण असा आमच्या धरणाला वळसा घालूनच जातो. त्या रस्त्यानं अंड्यांचे ट्रक जायचे. हळूहळू ट्रे आमच्या किराणा दुकानात उतरायला लागले. तीस अंड्यांचा एक ट्रे, सात ट्रेचं एक बॉक्स, म्हणजे दोनशे दहा अंडी. गावानं त्याला नाव दिलं 'इंग्लिश अंडं'. आजीनं पहिलं इंग्लिश अंडं हातात घेऊन फिरवून बघितलं आणि विचारलं, "कुणाचं हाय ह्ये?" दुकानदार म्हणाला, "कंपनीचं." आजीच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, पण तेव्हापासून गावात तेच उत्तर चालतं.

आमच्या धाकट्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, १९९३ साली दोन हजार लेअर कोंबड्यांचं शेड टाकलं. पाण्याच्या कडेपासून वर, वारा खेळेल अशा माळावर. चांगल्या दिवसांत रोज सतराशे अंडी निघायची, आठ बॉक्स. सुट्टीत मी तिथंच असायचो. अंड्याची प्रत म्हणजे काय हे मला कुठल्याही पुस्तकाआधी त्या शेडनं शिकवलं.

पहिला धडा पाण्याचा. कोंबडी खाद्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी पिते, म्हणजे तिच्या पोटात जाणाऱ्या वस्तूंत पाणीच सगळ्यात जास्त. आणि आमचं पाणी कसलं? मुळा-मुठा पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि ते सगळं आमच्या दारात येऊन थांबतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की फुगवट्याला हिरवा रंग चढतो, वास मारतो. पहिल्या वर्षी तात्यांनी मोटारीचं पाणी थेट टाकीत सोडलं. मे महिन्यात कोंबड्यांना हगवण लागली, अंडी माखलेली यायला लागली, पिंजऱ्याखाली चिखल आणि चिखलात माशा. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी शेडमध्ये पाऊल न टाकता सांगितलं, "आधी टाकी दाखवा."

मग दोन टाक्या झाल्या. पहिल्या टाकीत तुरटी फिरवून गाळ बसवायचा, दुसरीत वरचं निवळ पाणी घेऊन ब्लीचिंग पावडर टाकायची. हजार लिटरला सहा-सात ग्रॅम, पाणी फारच हिरवं असलं तर थोडी जास्त, आणि टाकल्यावर काही वेळ थांबायचं. पाइपातून हात फिरवला आणि बुळबुळीत लागलं तर पाइप धुवायचे. मात्र मानमोडीची लस पाण्यातून द्यायची असली की आदल्या दिवसापासून ब्लीचिंग बंद, कारण लसही जिवंत असते, क्लोरीननं तीही मरते. त्या दिवशी पाण्यात थोडी दुधाची पावडर घालायची. तात्या हसून म्हणायचे, "आपल्या लेकरांस्नी च्यात पाणी, आन् कोंबड्यांस्नी पाण्यात दूध."

दुसरा धडा खाद्याचा. मका, सोयाबीनची पेंड, भाताचा कोंडा, कवचासाठी चुनखडीचे खडे. पावसाळ्यात मका ओला आला की त्याला बुरशी धरते. बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी असे पटापट मेले आणि शोध घेता घेता कारण सापडलं बुरशीच्या भुईमूग पेंडीत. अफलाटॉक्सिन हे नाव तेव्हापासूनचं. तात्यांना ते नाव उच्चारता येत नव्हतं, पण मक्याचा दाणा दातानं फोडून बघायचे. कट्कन फुटला तर वाळलेला, चिवट लागला तर पोतं परत.

तिसरा धडा उन्हाचा. सोलापूरचं ऊन चाळिशी सहज ओलांडतं. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापेबरोबर शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त जातो आणि ज्यापासून कवच बनायचं तोच माल रक्तात कमी पडतो. म्हणून उन्हाळ्यात कवच पातळ होतं, पातळ कवच लवकर तडकतं आणि तडकलेल्या अंड्यात घाण शिरायला वेळ लागत नाही. यावर उपाय म्हणजे छपरावर उसाचं पाचट, पोत्याचे पडदे, त्यावर पाणी आणि दिवसातून तीनदा अंडी उचलणं. दोन अंडी हलकेच एकमेकांवर वाजवायची. धड असली तर टणक आवाज येतो, एकाला बारीक चीर असली तर भद्द. काकींचा हात इतका बसला होता की त्या बोलता बोलता ट्रे भरायच्या आणि तडकलेलं अंडं न बघता बाजूला पडायचं.

चौथा धडा औषधाचा, आणि तो सगळ्यात महागडा. कोंबड्या आजारी पडल्या आणि प्रतिजैविक दिलं, तर त्याचा अंश काही दिवस अंड्यात उतरतो. किती दिवस अंडी विकायची नाहीत ते औषधाच्या पुडक्यावर लिहिलेलं असतं. पहिल्यांदा अशी वेळ आली तेव्हा तात्यांनी सात दिवसांची अंडी खताच्या खड्ड्यात ओतली. व्यापारी दारात येऊन हसला, "कुणाला कळणार हाय, तात्या?" तात्या काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा वेळ आली तेव्हा बँकेचा हप्ता थकला होता. तिसऱ्या दिवशी काकींनी ट्रे भरले आणि तात्या पाठ करून मोटारीकडं गेले. हे मी झाकून ठेवत नाही, कारण अंड्याच्या दर्जाचा सगळा प्रश्न त्या पाठमोऱ्या माणसात आहे.

व्यापाऱ्याकडं अंडं गेलं की तिथं सगळ्यांची अंडी एक होतात. पाणी गाळून देणाऱ्याचं आणि हिरवं पाणी पाजणाऱ्याचं, मका दातानं फोडून बघणाऱ्याचं आणि बुरशीचा मका दळणाऱ्याचं, सगळं एकाच ट्रेमध्ये. शेकड्याचा भाव दोघांना एकच. उलट काळजी घेणाऱ्याचा खर्च जास्त, म्हणजे त्याची कमाई कमी. ट्रेचंच बघा. पुठ्ठ्याचे ट्रे दहा शेडवर फिरून यायचे, बलक सांडून वाळलेले, कोंबड्यांची पिसं चिकटलेली. एका शेडचा आजार दुसऱ्या शेडमध्ये न्यायला यापेक्षा सोयीची गाडी नाही. तात्या म्हणायचे, नवे ट्रे द्या. व्यापारी म्हणायचा, पैसे द्या. धुता येणारे प्लास्टिकचे ट्रे तात्यांनी स्वतःच्या पैशानं आणले. दोन महिन्यांत ते दुसऱ्याच कुणाच्या तरी शेडमध्ये गेले आणि बदल्यात पुन्हा पुठ्ठाच आला.

१८ फेब्रुवारी २००६ ला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू असल्याचं जाहीर झालं. भारतातली ही पहिलीच नोंद. नवापुरात लाखो कोंबड्या मारून पुरल्या, अंडी नष्ट केली, पुढं जळगावातही आजार निघाला. नवापूर आमच्यापासून कितीतरी दूर, पण आमच्या भागात एका आठवड्यात अंडं खाणं बंद झालं. तात्यांच्या शेडमध्ये एकही कोंबडी आजारी नव्हती. नीट शिजवलेल्या अंड्यानं हा आजार होत नाही हे सरकारही सांगत होतं. पण आपलं अंडं नवापूरचं नाही हे दाखवायला तात्यांच्या हातात काय होतं? ना अंड्यावर नाव, ना तारीख, ना गाव. खाणाऱ्याला दोन अंड्यांत फरक करता आला नाही, म्हणून त्यानं सगळीच सोडली. वर्षभरात शेड रिकामं झालं. आज त्यात ठिबकच्या नळ्या पडून आहेत.

आता कुणी विचारेल, या सगळ्याला कायदा नव्हता का? होता की. शेतमालाची प्रतवारी आणि चिन्हांकन करायचा कायदा १९३७ सालचा, अ‍ॅगमार्क म्हणतो तो. त्याखाली १९६८ साली खाण्याच्या अंड्यांचे नियम आले. 'अ' आणि 'ब' अशा दोन प्रती, वजनावरून अति मोठं, मोठं, मध्यम, लहान असे गट. 'अ' प्रतीच्या अंड्यातली हवेची पोकळी ४ मिलिमीटरच्या वर नको, असंही त्यात होतं. म्हणजे आजी तांब्यातल्या पाण्यात जे बघायची तेच सरकारनं मोजपट्टीनं लिहून ठेवलं होतं. पण अ‍ॅगमार्क घ्यायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर, आणि आमच्या बाजारात तो शिक्का मारलेलं अंडं मी पाहिलं नाही.

अन्नभेसळीचा कायदा १९५४ चा. त्याच्या जागी अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. हा कायदा वाचताना एका व्याख्येपाशी मी थांबलो. शेती किंवा पशुपालनातून निघालेली वस्तू तिच्या नैसर्गिक रूपात 'प्राथमिक अन्न' मानली जाते, पण कधी, तर ती शेतकरी किंवा मच्छीमार सोडून दुसऱ्या कुणाच्या हातात गेल्यावर. म्हणजे तात्यांच्या हातात होतं तोवर त्या कायद्याच्या लेखी ते अंडं अन्नच नव्हतं! शेतकऱ्याला परवान्यांच्या जाचातून वाचवायचा हेतू चांगलाच आहे. पण पाणी, मका, औषध, उन्हाळा हे सगळं ज्या उंबऱ्याच्या आत घडतं, त्या उंबऱ्याबाहेर कायदा उभा आहे हेही खरं.

औषधांच्या बाबतीत पुढं थोडं काम झालं. कोलिस्टिन हे माणसाच्या शेवटच्या उपायातलं प्रतिजैविक. पोल्ट्रीत ते सर्रास खाद्यातून दिलं जायचं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारनं जनावरं आणि कोंबड्यांसाठी त्यावर बंदी घातली. तेही औषधांच्या कायद्याखाली, अन्नाच्या नव्हे.

दुसऱ्या देशांत हा प्रश्न कसा सुटला ते बघण्यासारखं आहे. डिसेंबर १९८८ मध्ये ब्रिटनच्या एक उपमंत्री, एडविना करी, जाहीरपणे बोलून गेल्या की देशातल्या बहुतेक अंडी उत्पादनात साल्मोनेलाचा शिरकाव आहे. अंड्यांचा खप कोसळला, शेतकरी खवळले आणि दोन आठवड्यांत त्यांना पद सोडावं लागलं. पण तिथले पोल्ट्रीवाले नुसते रागावून थांबले नाहीत. त्यांनी कोंबड्यांना साल्मोनेलाची लस द्यायला सुरुवात केली आणि १९९८ मध्ये अंड्यावर सिंहाचा शिक्का आणला. त्यासोबत तारीख आणि कुठल्या शेडचं अंडं त्याचा क्रमांक. २०१७ मध्ये तिथल्या अन्न खात्यानं सांगितलं, या शिक्क्याचं अर्धं कच्चं अंडं गरोदर बाईनं आणि लहान मुलानंही खायला हरकत नाही. बदनामीपासून तिथपर्यंत यायला जवळपास तीस वर्षं लागली.

अमेरिकेत २०१० साली आयोवातल्या अंड्यांनी जवळपास दोन हजार लोक आजारी पडले. पन्नास कोटींहून जास्त अंडी बाजारातून परत मागवली. ती मागवता आली, कारण खोक्यावर क्रमांक होता. आपल्याकडं उद्या तसं झालं तर काय परत मागवणार? अमेरिकेत अंडं धुतात आणि मग शीतगृहातून बाहेर काढत नाहीत. युरोपात चांगल्या प्रतीचं अंडं धुवायलाच बंदी, आजीसारखी. दोन्ही रीती आपापल्या जागी पक्क्या आहेत. आपल्याकडं दुकानदार कधी धुतो, कधी नाही, आणि दोन्ही उन्हातच ठेवतो.

लोकांना भीती वाटत नाही असं नाही. ती भलत्याच गोष्टीची वाटते. २०१७ साली कोलकात्यात प्लास्टिकच्या अंड्यांची अफवा उठली आणि मोबाइलवरून आमच्या काठापर्यंत आली. पारावर माणसं अंड्याचा पापुद्रा पेटवून बघायला लागली. प्लास्टिकचं अंडं असं काही नसतं हे अन्न सुरक्षा प्राधिकरणानं स्पष्ट केलं, तरी बरेच दिवस ती चर्चा चालली. तीच माणसं टपरीवर तडकलेल्या अंड्याची भुर्जी मिटक्या मारत खात होती. गावरान म्हणून तपकिरी अंडं दुप्पट भावानं घेणंही तसंच. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो आणि बलकाचा रंग तिच्या खाण्यावर. रंग बघून अंडं किती दिवसांचं हे कळत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचा निर्णय घेतला, न खाणाऱ्या मुलांना केळी. केळीचा प्रश्न आमच्याकडं नव्हताच, केळी तर बांधावर. अंडं मात्र विकत आणायचं. राज्यात रोज सुमारे एक कोटी अंड्यांचा तुटवडा असल्याचं त्याच वर्षी जानेवारीत पशुसंवर्धन खात्यानं सांगितलं होतं. तो माल कर्नाटक, तेलंगणा, तमिळनाडूतून येतो. किती दिवस ट्रकमध्ये, किती दिवस गोदामात आणि किती दिवस दुकानाच्या दारातल्या उन्हात, याचा कागद ट्रेबरोबर येत नाही.

आमच्या जवळच्या एका वस्तीशाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी यावर आपल्या परीनं उपाय काढला. दुकानदाराला सांगितलं, ट्रक उतरला की ट्रेच्या कडेला पेन्सिलीनं तारीख टाका, नाहीतर आम्ही घेत नाही. आठवडाभर तो कुरकुरला. मग टाकायला लागला, आणि गंमत म्हणजे गावातली दुसरी गिऱ्हाइकंही तारीख बघून ट्रे मागायला लागली. शाळेत अंडी यायची ती नीट उकडलेली, कच्च्या अंड्याला लागलेला हात धुऊनच पुढचं काम. तारीख अंडं घातल्याची नव्हे, दुकानात उतरल्याची होती. तरी पुष्कळ होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्यांचा स्वतंत्र निधी थांबवला आणि शाळेतलं अंडं बहुतेक ठिकाणी बंद पडलं. दुकानातली पेन्सिल मात्र अजून चालते असं ऐकतो.

पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये आता खोक्यातली अंडी मिळतात, वर तारीख, परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, कंपनीचं नाव. ज्याला परवडतं त्याला आजीच्या बाजारातली खात्री छापून मिळते. सुट्टं अंडं घेणाऱ्याला, म्हणजे ऊसतोड्याला, मच्छीमाराला, शाळेतल्या लेकराला, ती मिळत नाही. खरं तर अंड्याचा आधार त्यांनाच सगळ्यात जास्त. स्वस्तात स्वस्त, पुरं अन्न दुसरं कुठलं आहे?

आमच्या भागात बचत गटाच्या बाया आता पुन्हा पाच-पन्नास कोंबड्या पाळायला लागल्या आहेत. डालगं गेलं, जाळीचं खुराडं आलं. अंडं पुन्हा बाईच्या हातात येतंय ही चांगली गोष्ट आहे. त्यांना शिबिरात लस सांगतात, खाद्य सांगतात, कर्ज सांगतात. त्याच्या जोडीला एवढं सांगावं: पाणी गाळून पाजा, औषधाच्या दिवसांतलं अंडं विकू नका, तडकलेलं वेगळं काढा आणि ट्रेवर तारीख घाला, तारखेखाली आपलं नाव. नाव घातलं की चांगल्या अंड्याचे दोन पैसे जास्त मागता येतात आणि दूर कुठं आजार निघाला तर 'हे माझं, माझ्या शेडचं' असं म्हणता येतं. तात्यांना ते म्हणता आलं नाही. त्यांनी पाणी गाळलं, मका तपासला, सात दिवसांची अंडी खड्ड्यात ओतली, आणि त्या सगळ्याची किंमत बाजारानं कोऱ्या कवचाइतकीच केली.